जोकिची ताकामिने : बुरशीला कामास लावणारा रसायनशास्त्रज्ञ

आमच्या खेड्यांतील घरांत लेकराला नाचणीचे सत्व करून घालावयाचे असले म्हणजे आई नाचणी भिजत घालते, फडक्यात बांधून तिला मोड आणते, मग वाळवून दळते. मोड न आणता दळलेल्या नाचणीची पेज घट्ट होते, आणि मोड आलेल्या नाचणीची पेज पातळ राहून जिभेला किंचित गोड लागते, हे तिला ठाऊक असते. असे का होते म्हणून विचारले तर ती हसेल. त्याच घरात पावसाळ्याच्या दिवसांत टोपलीत राहून गेलेल्या भाकरीला बुरशी आली म्हणजे तीच आई नाक मुरडून ती भाकरी उकिरड्यावर टाकते. धान्याच्या मोडात जी शक्ती आहे तीच एका जातीच्या बुरशीतही आहे, आणि ती बुरशी गव्हाच्या कोंड्यावर वाढवून तिच्यातील ती शक्ती भुकटीच्या रूपाने वेगळी काढता येते व बाटलीत भरून दूरदेशी पाठविता येते, हे ज्याने व्यापारी जगास करून दाखविले त्या जपानी गृहस्थाचे चरित्र आज वाचकांपुढे ठेवावयाचे आहे. त्यांचे नाव जोकिची ताकामिने. त्यांच्या देशात त्यांचे नाव शाळकरी मुलांनाही ठाऊक आहे. आमच्याकडे मात्र ते फारसे कोणी ऐकलेले नसते.

ताकामिने ह्यांचा जन्म ३ नोव्हेंबर १८५४ रोजी जपानातील ताकाओका ह्या गावी झाला. त्याच्या आदल्या वर्षी अमेरिकेची लढाऊ गलबते जपानच्या किनाऱ्यास येऊन ठेपली होती, आणि ज्या वर्षी हे मूल जन्मले त्याच वर्षी, दोनशेहून अधिक वर्षे परकीयांस दार बंद ठेवलेल्या त्या देशाने आपली काही बंदरे उघडण्याचा करार केला. जुने जपान मावळत होते व नवे उगवत होते, आणि ह्या मुलाच्या घरात दोन्ही एकत्र नांदत होती. वडील सेइची हे वैद्य होते. परंपरेच्या औषधांबरोबरच त्यांनी पाश्चात्य वैद्यक व रसायनशास्त्र शिकून घेतले होते, आणि कानाझावा येथील माएदा घराण्याच्या सरदाराच्या पदरी ते नोकरीस होते. मूल लहान असतानाच कुटुंब कानाझावास राहावयास गेले. आईचे माहेर तांदळाची दारू, जिला तेथे साके म्हणतात, ती गाळणाऱ्या घराण्यातले. पुढे ताकामिने ह्यांनी जे केले त्यात बापाचे रसायन आणि आजोळचे कोठार ह्या दोहोंचा वाटा आहे. मुलाने आजोळी काय काय पाहिले हे कोणी लिहून ठेवलेले नाही. पण ज्या वस्तूवर त्यांनी आपले भविष्य पणास लावले ती वस्तू त्या कोठारातलीच होती.

मुलगा अकरा-बारा वर्षांचा झाला तेव्हा सरदाराने निवडक मुलांबरोबर त्यास नागासाकी बंदरी परकीय भाषा व विद्या शिकण्यास पाठविले. एवढे लहान मूल घरापासून इतके दूर, परक्यांच्या संगतीत! पुढे ओसाका येथे वैद्यक व रसायन, मग टोकियो येथील सरकारी इंजिनियरिंग कॉलेज. तेथून १८७९ साली पहिल्या तुकडीतच ते पदवी घेऊन बाहेर पडले, आणि १८८० साली सरकारने त्यांस स्कॉटलंडमधील ग्लासगो शहरी अँडरसन कॉलेजात पाठविले. तीन वर्षे ते विलायतेत होते. कॉलेजातील शिकवणीबरोबर त्यांनी तेथील कारखाने पाहिले, आणि पुस्तकातील रसायन व कढईतील रसायन ह्यांत अंतर किती असते हे ओळखून घेतले.

१८८३ साली परत आल्यावर ते शेती व व्यापार खात्यात नोकरीस लागले. पुढल्याच वर्षी अमेरिकेतील न्यू ऑर्लिन्स शहरी कापसाचे मोठे जागतिक प्रदर्शन भरले, तेथे जपानतर्फे जाणाऱ्यांत त्यांची निवड झाली. ह्या प्रवासातून दोन गोष्टी निघाल्या. तेथे त्यांनी फॉस्फेटचा खडक पाहिला, ज्यावर गंधकाचे तेजाब घातले असता पिकास लागू पडणारे खत तयार होते. आणि तेथेच कॅरोलिन हिच ह्या अमेरिकन मुलीशी त्यांचा विवाह ठरला. जपानी पुरुषाने अमेरिकन स्त्रीशी लग्न करणे ही त्या काळी दोन्ही देशांत भुवया वर चढविणारी गोष्ट होती. लग्न १८८७ च्या ऑगस्टात झाले. त्याच सुमारास शिबुसावा एइइची आदिकरून भांडवलदारांच्या मदतीने त्यांनी टोकियोत कृत्रिम खताची कंपनी स्थापिली. मधल्या काळात ते सरकारच्या पेटंट खात्यातही वरच्या जागेवर होते, आणि शोध लावणे जितके महत्त्वाचे तितकेच तो शोध कायद्याने आपल्या नावावर बांधून ठेवणे महत्त्वाचे, हा धडा त्यांनी तेथे चांगला घोटून घेतला. कॅरोलिन नवऱ्याबरोबर टोकियोस आल्या. भाषा येत नाही, माहेरचे कोणी जवळ नाही, अशा घरात त्यांचे दोन मुलगे जन्मले.

खताची कंपनी मार्गास लागली होती. सुखाने राहावयाचे असते तर ते येथेच राहते. पण १८९० साली त्यांनी सारे मागे ठेवून बायकामुलांसह अमेरिकेची वाट धरली. ज्यांनी कंपनीत पैसा घातला होता त्यांस हे मुळीच आवडले नाही, आणि त्यांचा राग गैरवाजवी होता असे आम्हांस म्हणवत नाही. पाळण्यातले मूल सोडून दाई निघून जावी तसा तो प्रकार होता. परंतु ताकामिने ह्यांच्या मनात एक कल्पना इतकी खोल रुजली होती की तिच्यापुढे दुसरे काही सुचेना. ती कल्पना काय होती हे समजण्यास थोडे शास्त्र सांगितले पाहिजे.

दारू असो की पाव असो, आंबवण्याचे काम यीस्ट नावाचे सूक्ष्म जीव करतात. पण यीस्टला साखर खाता येते, धान्यातले पिठूळ सत्व, म्हणजे स्टार्च, खाता येत नाही. म्हणून आधी पिठाची साखर झाली पाहिजे. घासभर भाकरी तोंडात घेऊन बराच वेळ चावीत राहा. ती गोड लागू लागेल. लाळेत एक द्रव्य आहे ते पिठाची साखर करते. तसलेच द्रव्य मोड आलेल्या धान्यात असते, कारण कोवळ्या अंकुरालाही साठवलेले पीठ फोडून साखर करून घ्यावी लागते. नाचणीच्या सत्वाचे रहस्य हेच. १८३३ साली पायां आणि पेर्सो ह्या दोघा फ्रेंच रसायनशास्त्रज्ञांनी मोड आलेल्या जवातून हे द्रव्य वेगळे काढून त्यास डायास्टेज असे नाव दिले. अशा द्रव्यांस आता एन्झाइम म्हणतात, मराठीत विकर. विकर स्वतः सजीव नव्हे. सजीवाने घडविलेले ते हत्यार होय. थोडेसे विकर स्वतःच्या वजनाच्या कितीतरी पट पिठाचे रूपांतर करते व स्वतः खर्ची पडत नाही. मात्र कढविले की ते कायमचे निकामी होते.

युरोप-अमेरिकेत ह्या कामाकरिता जव भिजवून, मोड आणून, वाळवून त्याचा मॉल्ट करीत. त्यास बरेच दिवस लागत, जागा पुष्कळ लागे, आणि चांगला जव महाग. जपानात मोड आणण्याची रीतच नव्हती. तेथे तांदूळ वाफवून पसरीत, त्यावर एका बुरशीची भुकटी भुरभुरवीत आणि उबदार खोलीत ठेवीत. सुमारे दोन दिवसांत दाणे पांढऱ्या लवेने भरून जात, खोलीत गोडसर वास सुटे. ह्यास ते कोजी म्हणतात. पिठाची साखर करणारे विकर ही बुरशी आपल्या अंगातून बाहेर सोडते. साके, मिसो, सोयाबीनचा रस्सा, सगळ्यांच्या मुळाशी हीच कोजी. आणि तिचे बीज विकण्याचा धंदा जपानात शतकानुशतके चालत आलेला. शास्त्रज्ञ तिला अॅस्परजिलस ओरायझी म्हणतात. अॅस्परजिलस हे नाव १७२९ साली मिकेली नावाच्या इटालियन पाद्र्याने दिले. भिंगाखाली ह्या जातीच्या बुरशीचा तुरा त्याला रोमन मंडळीत पवित्र पाणी शिंपडावयाच्या झारीसारखा दिसला. वाचकांनी मात्र एवढ्यावरून घरातल्या बुरसलेल्या भाकरीविषयी प्रेम बाळगू नये. ह्याच बुरशीची एक सख्खी बहीण भुईमुगावर व मक्यावर वाढून यकृतास घातक असे विष तयार करते. कोजी ही पिढ्यान्पिढ्या निवडून माणसाळवलेली, जशी रानमांजराशेजारी घरची मांजर.

ताकामिने ह्यांचा बेत असा की कोजी अमेरिकेत न्यावी, तांदळाऐवजी गिरणीतून फुकापासरी निघणाऱ्या गव्हाच्या कोंड्यावर वाढवावी, आणि तेथील व्हिस्कीच्या भट्ट्यांत महाग मॉल्टऐवजी ती वापरण्यास लावावी. आजोळच्या कोठारातली विद्या परदेशी कारखान्याच्या मापाने वाढवावयाची. कोंड्यावरची ही बुरशी मॉल्टहून जोरकस ठरली, आणि आठवड्याचे काम दोन दिवसांवर आले. शिकागोत प्रयोग करून दाखविल्यावर, बहुतेक भट्ट्या ज्या एका बलाढ्य मक्तेदार संघाच्या हाती होत्या त्या संघाने त्यांस बोलाविले, आणि १८९१ साली ते इलिनॉय प्रांतातील पियोरिया गावी, व्हिस्कीच्या पेठेत, बिऱ्हाड थाटून राहिले.

येथे एक गोष्ट मोकळेपणाने बोलून टाकतो. ज्या घरात बाप भट्टीवर पैसे उधळून आला म्हणजे चूल पेटत नाही, अशी घरे ज्यांनी पाहिली आहेत त्यांस दारू स्वस्त करण्याच्या ह्या उद्योगाचे कौतुक वाटणार नाही. आम्हांसही वाटत नाही. ताकामिने ह्यांच्या डोळ्यांपुढे रसायन होते, तोट्यानफ्याचा हिशेब होता. प्याल्यापलीकडे त्यांची नजर गेली होती असे दिसत नाही. पण चरित्र लिहावयाचे तर माणूस जसा होता तसाच लिहिला पाहिजे.

पियोरियात त्यांच्यावर संकटे आली ती मात्र वेगळ्या दिशेने. मॉल्ट करणाऱ्यांची मोठमोठी कोठारे होती, त्यांत लाखोंचा पैसा गुंतला होता व शेकडो मजुरांचे पोट त्यावर होते. कोंड्यावरची बुरशी जिंकली तर ती कोठारे ओस पडणार. परक्या देशाचा, परक्या वर्णाचा एक मनुष्य आपल्या मुलांच्या तोंडचा घास काढून घेण्यास आला आहे, असे त्या लोकांस वाटले तर नवल काय? यंत्रमाग आले तेव्हा हातमागवाल्यांस जे वाटले तेच हे. विरोध वाढत गेला, आणि एका रात्री ज्या इमारतीत कोजी तयार होत असे ती जळून खाक झाली. आग कोणी लावली की लागली, ह्याविषयी तर्क पुष्कळ झाले. सिद्ध काहीच झाले नाही. साधने व मेहनत राखेत गेली. ताकामिने ह्यांनी पुन्हा उभारणी आरंभिली, तोच यकृताच्या दुखण्याने त्यांस अंथरुणास खिळविले. दुखणे इतके वाढले की शस्त्रक्रियेसाठी त्यांस शिकागोस न्यावे लागले, आणि जगण्याची आशा थोडीच उरली होती. दोन लहान मुले, परके गाव, आटलेला पैसा आणि मरणाच्या दारी पडलेला नवरा, अशा अवस्थेत कॅरोलिन ह्यांनी त्यांची शुश्रूषा केली. ते बरे झाले, तरी पुढेही ते दुखणे त्यांच्या पाठीस राहिले. व्हिस्कीचा तो संघ गैरव्यवहारांच्या चौकशीत सापडून १८९५ साली मोडकळीस आला, आणि त्याबरोबर कोजीने व्हिस्की करण्याचा बेतही बुडाला.

ज्यासाठी देश सोडला, कंपनी सोडली, मित्रांचा रोष घेतला, ते काम संपले. दुसरा कोणी असता तर गाशा गुंडाळून घरी जाता. पण ह्याच काळात त्यांच्या हातून एक दुसरे काम होत होते, आणि ते पहिल्याहून मोठे ठरले. भट्टीत ते कोजी जशीच्या तशी पिठाच्या रबडीत घालीत. पण बुरशी न घालता तिचे हत्यार तेवढे वेगळे काढले तर? त्यांनी वाफवलेल्या ओलसर कोंड्यावर बुरशी वाढविली, पूर्ण वाढ झाल्यावर तो कोंडा पाण्यात भिजवून पाणी गाळून घेतले, आणि त्या पाण्यात कडक अल्कोहोल ओतले. पाण्यात विरघळलेले विकर अल्कोहोलात विरघळेना. त्याचा पांढुरका साका तळाशी बसला. तो गाळून जपून वाळविला की भुकटी तयार. अल्कोहोल येथे पिण्याच्या कामी आले नाही, औषध गाळण्याच्या कामी आले, हे वाचून काही वाचकांस बरे वाटेल.

ह्या कृतीचे अमेरिकन पेटंट त्यांस १८९४ साली मिळाले. सूक्ष्म जीवापासून काढलेल्या विकराचे अमेरिकेतील हे पहिले पेटंट असे मानतात. काळाकडे लक्ष द्या. आंबण्याचे काम जिवंत पेशीशिवाय होऊ शकते की नाही, ह्यावर युरोपातील पंडितांचा वाद तेव्हा मिटला नव्हता. यीस्ट चिरडून, त्याचा निर्जीव रस साखरेत घालून ती आंबविण्याचा बुखनर ह्या जर्मन शास्त्रज्ञाचा प्रयोग १८९७ चा, आणि त्यास नोबेल पारितोषिक मिळाले १९०७ साली. पंडितांचा वाद चालू असतानाच हा जपानी मनुष्य बुरशीचे विकर काढून वाळवीत बसला होता. वासरांच्या जठरातून चीज करण्याचे विकर काढून विकण्याचा धंदा हॅनसेन नावाच्या डेन्मार्कच्या गृहस्थाने १८७४ सालापासून चालविला होता, हे खरे. पण त्यासाठी वासरे मारावी लागत. कोंड्यावरच्या बुरशीला ना जठर लागते ना हंगाम. दोन दिवसांनी नवे पीक. सूक्ष्म जीव पाळून त्यांच्याकडून कारखान्याच्या मापाने द्रव्ये करवून घेण्याचा जो धंदा आज जगभर पसरला आहे, त्याची एक वाट येथून निघाली.

ह्या भुकटीचा उपयोग अपचनावर होईल हे त्यांच्या ध्यानी आले. पिष्टमय अन्न पचत नाही, पोट जड राहते, आंबट ढेकर येतात, अशा रोग्याच्या पोटात हे विकर गेले तर पीठ फोडण्याचे काम ते करील. त्यांनी तिला टाका-डायास्टेज असे नाव दिले. टाका म्हणजे जपानीत उंच, आणि त्यांच्या आडनावाचा अर्थ उंच शिखर. नावात नाव गुंफले. डिट्रॉइट येथील पार्क-डेव्हिस ह्या औषधी कंपनीने विक्रीचे हक्क घेतले आणि शास्त्रीय सल्लागार म्हणून त्यांची नेमणूक केली. औषधाचा खप विलक्षण झाला. मात्र एक अट त्यांनी घातली होती : जपानातील विक्रीचा हक्क जपान्यांच्याच हाती राहावा. त्यातून १८९९ साली तेथे सांक्यो नावाचे दुकान निघाले, १९१३ साली त्याची मोठी कंपनी झाली आणि ताकामिने तिचे पहिले अध्यक्ष झाले. जपानात हे औषध इतके घरोघर गेले की नात्सुमे सोसेकी ह्या नामांकित लेखकाच्या, मांजराने सांगितलेल्या कादंबरीतला पोटदुखा मास्तरही तेच घेतो.

ह्यापुढचा शोध ह्याहून प्रसिद्ध, पण तो बुरशीचा नव्हे, म्हणून थोडक्यात सांगतो. मूत्रपिंडाच्या माथ्यावर दोन लहान ग्रंथी असतात, त्यांच्या रसाने रक्ताचा दाब वाढतो व रक्तस्राव थांबतो, हे कळले होते; पण तो रस शुद्ध स्वरूपात कोणास काढता येत नव्हता. ताकामिने तेव्हा न्यू यॉर्क येथे लहानशी प्रयोगशाळा चालवीत होते. कत्तलखान्यातून आणलेल्या ग्रंथींपासून १९०० च्या उन्हाळ्यात तेथे ते द्रव्य स्फटिकरूपात निघाले. त्याचे नाव अॅड्रेनॅलिन. शस्त्रक्रियेत रक्त थांबविण्यास ते लगेच उपयोगी पडले, आणि विंचूगांधीलमाशीच्या किंवा औषधाच्या वावड्याने ज्यांचा श्वास कोंडतो अशांस आजही डॉक्टर पहिल्याने हेच टोचतात. पण प्रयोग ज्या हातांनी यशस्वी केला ते हात केइझो उएनाका ह्या तरुण साहाय्यकाचे होते, जो त्याच वर्षी जपानहून आला होता. पेटंट एकट्या ताकामिने ह्यांच्या नावे झाले, आणि जगाने स्तुती केली ती त्यांचीच. उएनाकाने तक्रार केली नाही. मात्र प्रयोगाच्या रोजनिशीची वही त्याने जपून ठेवली, आणि ती वही आता जपानातील एका मंदिरात आहे. तिच्यावरून कोणत्या दिवशी कोणी काय केले हे स्वच्छ दिसते. धन्याने चाकराचे नाव बरोबरीने लिहिले असते तर त्याचे काय जाणार होते? ह्या थोर पुरुषाच्या चरित्रात ही उणीव आहे, आणि आम्हांस ती दारूच्या भट्टीहून अधिक सलते.

ह्या दोन औषधांनी ताकामिने श्रीमंत झाले. न्यू यॉर्कमध्ये त्यांनी जपानी पद्धतीचे दिवाणखाने सजविले, १९०५ साली तेथे जपानी लोकांची निप्पॉन क्लब ही संस्था स्थापन केली, आणि दोन राष्ट्रांत सलोखा राहावा म्हणून वेळ व द्रव्य दोन्ही खर्च केले. वॉशिंग्टन शहरी दर वसंतात फुलणारी चेरीची झाडे जगप्रसिद्ध आहेत. त्यांमागे ह्यांचा पैसा व खटपट आहे. १९०९ साली टोकियो शहराच्या नावे दोन हजार रोपे पाठविली, ती कीड लागलेली निघाली म्हणून १९१० च्या जानेवारीत सगळी जाळावी लागली. एवढा अपमानास्पद प्रसंग दोन्ही बाजूंनी शांतपणे सोसला, आणि १९१२ साली ३,०२० निरोगी झाडे आली. त्यांतील पहिली दोन, अध्यक्षांच्या पत्नी श्रीमती टॅफ्ट आणि जपानी वकिलाच्या पत्नी श्रीमती चिंदा ह्यांनी २७ मार्च रोजी आपल्या हातांनी लाविली. जळालेल्या गोष्टीनंतर पुन्हा पेरणी करण्याचा ताकामिने ह्यांस सराव होताच.

पण ज्या देशात ते तीस वर्षांवर राहिले, जेथे त्यांचे घर, बायको, मुले, त्या देशाचे नागरिक त्यांस कधीच होता आले नाही. परदेशातून आलेल्या गोऱ्यांस व आफ्रिकी वंशाच्या लोकांस तेवढे नागरिकत्व मागता येई. जपानी मनुष्यास, तो कितीही मोठा असो, मनाई होती. ही मनाई १९५२ पर्यंत टिकली.

मायदेशास ते विसरले नव्हते. १९१३ साली जपानास गेले असता तेथील पुढाऱ्यांपुढे त्यांनी असे मांडले की दुसऱ्यांच्या शोधांची नक्कल करून राष्ट्र मोठे होत नाही. स्वतःची संशोधन संस्था पाहिजे. खताच्या कंपनीत ज्यांस पूर्वी त्यांचा राग आला होता ते शिबुसावा ह्या वेळी त्यांच्या पाठीशी उभे राहिले. त्या खटपटीतून १९१७ साली रिकेन ही संस्था निघाली. ती आजही जपानची अग्रगण्य संशोधन संस्था आहे.

ताकामिने २२ जुलै १९२२ रोजी न्यू यॉर्क येथे निवर्तले. तेथील वुडलॉन दफनभूमीत त्यांची कबर आहे.

त्यांच्या बुरशीचे पुढे काय झाले हे सांगावयाचे राहिले. पिठाची साखर करण्यास मॉल्टऐवजी सूक्ष्म जीवांची विकरे वापरावी हा बेत, जो पियोरियात जळून गेला, तो पुढे दुसऱ्यांच्या हातून इतका फळास आला की मक्याच्या पिठाचे गोड पाक आता सर्वत्र ह्याच रीतीने होतात. पावाच्या कारखान्यात कणीक मऊ करण्यास, कापडाच्या गिरणीत सुताची खळ धुऊन काढण्यास, कपडे धुण्याच्या पावडरीत डाग काढण्यास बुरशी व जंतू ह्यांची विकरे लागतात. लिंबातून काढावयाचे ते सायट्रिक अॅसिड १९१९ पासून कोजीच्याच गणगोतातील एका काळ्या बुरशीकडून करवून घेतात; सरबताच्या बाटलीतला आंबटपणा बहुधा तिचाच. १९८४ साली जपानी शास्त्रज्ञांनी कोजीतील त्या विकराच्या एकेका रेणूची घडण क्ष-किरणांनी मांडून दाखविली, आणि २००५ साली ह्या बुरशीची सारी जनुके वाचून प्रसिद्ध झाली. २००६ साली जपानच्या मद्यविद्या परिषदेने तिला राष्ट्रीय बुरशी म्हणून मान दिला. ताकामिने ह्यांनी दिलेले ते नाव शंभर वर्षांनंतरही जपानी दुकानांतील पोटाच्या चूर्णाच्या पुड्यांवर छापलेले आढळत आले आहे.